फ्राउ बॉयर्लेची मांजर

राग मनात धरून ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. माझ्या नवऱ्याचं, हृषिकेशचं, अगदी उलटं आहे. ऑफिसात कुणी त्याचं काम स्वतःच्या नावावर खपवलं तरी संध्याकाळी तो त्याच माणसाबरोबर बॅडमिंटन खेळून येतो. मी विसरत नाही. शाळेत माझी चुगली केलेल्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही, आणि का गेले नाही ते तिला कळवलंसुद्धा. तेव्हा तळमजल्यावरच्या जर्मन बाईने, फ्राउ बॉयर्लेने, माझ्या आईशी जे केलं ते मी पोटात घालीन, असं ज्यांना वाटलं त्यांना मी कळलेच नव्हते.

आम्ही २०१२ साली जर्मनीत, नेकारसुल्मला आलो. हृषिकेश तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात, मी घरी. चाकणला मी सीट तपासायच्या लॅबमध्ये होते. गाडीच्या सीटवर एक लोखंडी बूड पन्नास हजार वेळा बसवायचं, कापड कुठे विरतं ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, हे माझं काम. इथे मात्र आधी जर्मनची परीक्षा, मग डिग्रीची मान्यता, मग नोकरी अशी रांग होती आणि मी रांगेच्या शेपटाला. आमचं घर चार बिऱ्हाडांचं, वर द्राक्षमळ्यांची टेकडी, मागच्या अंगणात सायकलींची शेड आणि जळाऊ लाकडांची रास. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. खाली फ्राउ बॉयर्ले, सत्तरीची, एकटी, चाळीस वर्षं त्याच घरात भाड्याने राहणारी. घराची मालकीण ती नव्हती, पण तसं तिला कुणी सांगितलं नसावं.

त्या भागात केअरवोख नावाचा प्रकार असतो. ज्या आठवड्यात तुमची पाळी, त्या आठवड्यात तुमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते, आणि शनिवारी संध्याकाळच्या आत तुम्ही जिना, तळघराची वाट आणि घरापुढचा फूटपाथ झाडून-पुसून द्यायचा. मग पाटी पुढच्या दाराला. नावातच केर आहे म्हणून हृषिकेश पहिल्यांदा खूप हसला होता. फ्राउ बॉयर्ले हसत नसे. दर शनिवारी सहा वाजता ती जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून बघायची.

२०१३ च्या ऑक्टोबरात माझी आई आली, तीन महिन्यांसाठी. सांगलीबाहेर फारशी न गेलेली बाई, सुटकेसमध्ये रांगोळी, पणत्या आणि चकलीचा सोऱ्या घेऊन उतरली. त्या वर्षी नरकचतुर्दशी शनिवारी होती आणि पाटी नेमकी आमच्या दाराला. सकाळी अभ्यंगस्नान, दुपारी कारखान्यातली चार मराठी कुटुंबं फराळाला. ती गेली तेव्हा साडेचार झाले होते, आणि नोव्हेंबरात तिथे पाचला अंधार पडतो. मी झाडू-बादली घेऊन निघाले तर आई दारातच उभी. तिने दारापुढच्या फरशीवर रांगोळी काढून दोन पणत्या लावल्या होत्या.

“दिवेलागणीला केर काढतात का गं? आणि तोही दिवाळीचा? उद्या काढ.”

उद्या रविवार होता. रविवारी त्या घरात खिळा ठोकला तरी तक्रारीचं पत्र येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण लग्नानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे दिवाळीला होती. मी झाडू जागेवर ठेवला आणि सोमवारी सकाळी सगळं लख्ख करून देऊ म्हटलं.

सहाच्या सुमारास जिन्यातून खरखर ऐकू आली. माझ्या आधी आईने दार उघडलं. फ्राउ बॉयर्ले स्वतःचा झाडू घेऊन वरपर्यंत आली होती आणि आमच्या दारापासून झाडायला सुरुवात केली होती. रांगोळी तिच्या सुपलीत होती. पणत्या विझवून त्याच सुपलीत टाकलेल्या, फरशीवरचं तेल कागदाने टिपलेलं. आई मराठीतच म्हणाली, “बाई, निदान दिवे तरी राहू द्यायचे होते.” फ्राउ बॉयर्लेने सुपली आईच्या नाकासमोर धरली, “झो! झालं, आता स्वच्छ,” असं म्हणाली आणि पुढच्या पायऱ्या झाडत खाली गेली.

मी मागे धावले नाही. त्या वेळी मला भांडण्यापुरती जर्मन येत नव्हती, आणि वर्गात शिकलेली वाक्यं स्टेशनचा रस्ता विचारण्याची होती. ते मला अजून लागून आहे.

आठवड्याने घराच्या व्यवस्थापनाकडून पत्र आलं, जिन्यात उघडी ज्योत आणि न झाडलेला जिना, दोन्हींबद्दल ताकीद. आईला मी पत्र दाखवलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, दिवे लागल्यावर, आपल्या दारातून झाडून नेलं, एवढं ती एकदा म्हणाली आणि पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर ती जिन्यात पाऊल टाकेना. पंधरा दिवसांनी म्हणाली, मला घरी जायचंय. तिकीट बदललं, ती गेली. फेब्रुवारीत तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. दोन दिवस दवाखान्यात होती. मी सांगलीला पोहोचले तेव्हा माझा भाऊ शिरीष अस्थी घेऊन आला होता.

गुठळी सुपलीने होत नाही, हे मला कळतं. पण कळून काही उपयोग झाला नाही. दिवसकार्य करून मी परत आले ती कोरड्या डोळ्यांनी. रडूच येत नव्हतं. तळमजल्यावरच्या दारासमोरून जाताना मात्र ती सुपली रोज दिसायची. हृषिकेश म्हणायचा, “सोड ना ऊर्मी, म्हातारी विक्षिप्त आहे.” तो सोडतो सगळं. मी जर्मनची पुढची परीक्षा पास झाले ती केवळ त्या बाईशी भांडता यावं म्हणून. पण परीक्षा पास झाल्यावर लक्षात आलं की भांडण तिला लागणारच नाही. तिच्या हातून काहीतरी जायला हवं होतं.

ते काय, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं.

रोज दुपारी साडेचारला फ्राउ बॉयर्ले मागच्या अंगणात एक बुटकं स्टूल घेऊन जायची. लाकडांच्या राशीपाशी बशी ठेवायची, दहा पावलं मागे येऊन बसायची. मग राशीखालून एक मांजर निघायची, काळीपांढरी, एक कान अर्धा तुटलेला, जमिनीला पोट घासत चालणारी. खाताना दर दोन घासांना मान वर. मधल्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की हे दोन वर्षं चाललंय, म्हातारीने तिचं नाव मिंका ठेवलंय, आणि दोन वर्षांत तिला एकदाही हात लावता आलेला नाही. मी स्वतः पाहिलं. एकदा म्हातारीने वाकून हात पुढे केला, मांजर पसार झाली, आणि तो हात बराच वेळ तसाच पुढे राहिला.

मी ठरवलं, ही मांजर मी घेणार. पाळायला नव्हे. मला मांजरांची कधीच आवड नव्हती. ती मांजर फ्राउ बॉयर्लेच्या डोळ्यांदेखत माझ्या मांडीवर बसायला हवी होती, बस्स.

पहिली चूक मी अगदी आपल्या लोकांची केली. वाटीत मऊ दूधभात कालवून नेला, वर साखर. मांजरीने तो हुंगला आणि माझ्याकडे अशी बघत निघून गेली की मला सासूबाईच आठवल्या. पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की मोठ्या मांजरांना दूध बाधतं. त्यांना मांस लागतं, मासे लागतात. आता आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आईने तर हृषिकेशच्या डब्यातल्या केकची चौकशी केली होती. पण राग मोठा होता. मी सुपरमार्केटातून ट्यूनाचे डबे आणले, तळघरातल्या आमच्या खणात लपवले, एक चमचा वेगळा काढला आणि नाकाला ओढणी बांधून पहिला डबा उघडला. हृषिकेशला वास आला. त्याने काय आहे म्हणून विचारलं, मी मासा म्हणून सांगितलं. तो स्वतः कारखान्याच्या कँटीनमध्ये काय काय खातो ते मला ठाऊक आहे, तेव्हा तो एवढंच म्हणाला, माझ्या आईला सांगू नकोस.

बाकी मी लॅबसारखं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेळ साडेतीन, म्हणजे म्हातारीच्या एक तास आधी. रोज तेच निळं जॅकेट, न धुतलेलं. पाण्याच्या बाटल्यांची क्रेट उलटी करून तिच्यावर बसायचं, मांजरीकडे पाठ करून. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही, नजर गेलीच तर डोळे अर्धे मिटायचे. पहिल्या दिवशी अंतर बारा मीटर. ती खाऊन गेली की दुसऱ्या दिवशी बशी एक वीत माझ्याकडे. ती आली नाही तर दोन विती मागे. सगळं वहीत लिहायचे: तारीख, हवा, अंतर, कोणता आवाज झाला, कशाला घाबरली. एप्रिल संपताना आठ मीटर. मेमध्ये कुणीतरी अंगणात बाटल्या फोडल्या आणि आम्ही परत अकरावर आलो. मला त्याचं काही वाटलं नाही. पन्नास हजार वेळा बूड बसताना बघितलेल्या बाईला घाई नसते.

मांजरीला माणसाचा आवाज ओळखीचा व्हावा लागतो, म्हणून बोलायला हवं होतं. हळू, एका सुरात. काय बोलायचं? माझ्याकडे विषय एकच होता. मी मराठीत, बाळाला निजवताना बोलतात त्या आवाजात, फ्राउ बॉयर्लेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “ये गं भवाने, ये. ती थेरडी बघ पडद्याआडून बघतेय. तिच्या झाडूला वाळवी लागो. तिची पाटी तिच्याच दाराला जन्मभर लटको.” मांजर कान टवकारून ऐकायची. महिनाभरात शिव्या संपल्या. मग माझ्या तोंडून आईचंच निघायला लागलं. आमटीत गूळ किती घालायची, पत्ते खेळताना कशी लबाडी करायची आणि पकडली की उलट आपल्यावरच कशी डाफरायची, शिरीषला झुकतं माप कसं द्यायची. हे मी हृषिकेशला कधी सांगितलं नव्हतं. तो लगेच माझा हात हातात घेतो आणि मग मला पुढे बोलता येत नाही. मांजर हात घेत नव्हती.

जूनच्या शेवटी ती माझ्याकडे पोटभर खाऊन साडेचारला राशीखाली जाऊन झोपू लागली. म्हातारी स्टूल घेऊन यायची, बशी ठेवायची, बसायची. अर्धा तास, पाऊण तास. मग भरलेली बशी उचलून आत न्यायची. मी खिडकीतून चहा पीत बघत असे. लाज वगैरे काही वाटली नाही. चहा मात्र फार चांगला लागायचा.

ऑगस्टमध्ये एक दिवस अंतर शून्य झालं. पाठीमागून काहीतरी माझ्या बोटांना लागलं, गरम आणि कडक. मांजरीने डोकं घासलं होतं. मी हलले नाही. तिने पुन्हा घासलं, मग मांडीवर एक पाय ठेवला, तो काढला, आणि शेवटी सगळीच चढली. तिच्या अंगात गोचिड्या होत्या आणि घशातून शिवणयंत्रासारखा आवाज येत होता. तेव्हा मी पहिली गोष्ट काय केली असेल? तळमजल्याच्या खिडकीकडे बघितलं. पडदा हलला.

त्यानंतर मी माझी वेळ बदलली. एका गुरुवारी मुद्दाम साडेचारपर्यंत बसले, मांजर मांडीवर. फ्राउ बॉयर्ले स्टूल आणि बशी घेऊन कोपऱ्यावरून वळली आणि थबकली. मी म्हटलं, “गुटेन टाग.” तिने बशी तिथेच खाली ठेवली, मांजरीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि स्टूल उचलून परत गेली. जर्मनीतल्या माझ्या सगळ्या दिवसांत तो दिवस सर्वांत सुखाचा होता. मी रात्री हृषिकेशसाठी पुरणपोळी केली. तो म्हणाला, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

मला वाटलं, आता संपलं. मला हवं ते मिळालं होतं, मी जाणं थांबवायला हरकत नव्हती. पण मी जातच राहिले. रोज साडेतीनला माझी पावलं आपोआप जिन्याकडे वळायची. सांगायचं उरलेलं असायचं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मांजरीचा डावा गाल सुजला. आधी लिंबाएवढा, मग चारच दिवसांत डोळा मिटेपर्यंत. ट्यूना चाटायची आणि मान झटकून मागे व्हायची. प्राणिमित्र संस्थेच्या दोन बायका येऊन पिंजरा लावून गेल्या, आत सार्डिन मासे. तीन दिवस तो तसाच उघडा राहिला. मांजर त्याच्याभोवती फेरी मारायची आणि राशीखाली जायची. मी हात लावला तेव्हा तिचं अंग भाजत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. फ्राउ बॉयर्ले दारात उभी होती, हातात मांजर न्यायची जाळीची पेटी. त्या दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच आमच्या दाराशी आली होती. धाप लागली होती. आमच्या आडनावातल्या ‘ज’ला ‘य’ म्हणत ती बोलली.

“फ्राउ योगलेकार, ती फक्त तुम्हालाच हात लावू देते. तुम्ही तिला पकडाल का? कृपा करून.”

मला अगदी नीट कळलं होतं. तरी मी म्हटलं, कळलं नाही, परत सांगा. तिने परत सांगितलं. शब्दन् शब्द, त्याच आवाजात. मी दाराला टेकून ऐकत राहिले. तिला आत या म्हणाले नाही.

“एक अट आहे,” मी म्हणाले. हे वाक्य मी वर्षभर तयार केलं होतं, व्याकरणासकट. “माझ्या आईने दारात दिवे लावले होते. ते तुम्ही केरात टाकलेत. त्याची माफी मागा.”

तिने पेटी खाली ठेवली आणि कठडा धरला. तुमची आई आता कुठे आहे, असं विचारलं. वारली, फेब्रुवारीत, असं मी सांगितलं. तिने पणत्या होत्या त्या फरशीकडे बघितलं. मग म्हणाली, “मी आधी बेल वाजवायला हवी होती. मला माफ करा.”

माझ्या तोंडात साखर विरघळली. इतक्या सहज ती मागेल असं वाटलं नव्हतं, पण मिळालेलं कोण तपासून बघतं? पेटी मी तिच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतली. जिना उतरताना तिने सगळं समजावलं. नेहमीसारखंच बोलत राहा, आवाज बदलू नका. टॉवेल टाका, मानेची कातडी घट्ट धरा, एकदाच, आणि काही झालं तरी सोडू नका. अंगणाच्या दारापाशी ती थांबली आणि म्हणाली की मी आत जाते, तिने मला बघायला नको. मला ते फार नम्रपणाचं वाटलं.

मी क्रेटवर बसले. पेटी मागे, टॉवेलखाली. “ये गं भवाने,” म्हटलं. ती आली, अर्ध्या मिटल्या डोळ्याने, आणि दुखरा गाल जपत दुसऱ्या बाजूने माझ्या गुडघ्यावर डोकं घासलं. मी बोलत होते. आईच्या हातच्या धिरड्यांचं काहीतरी सांगत होते, आवाज बदलला नाही. बोलता बोलता टॉवेल टाकला आणि मान धरली.

ती ओरडली तशी मांजर ओरडते हे मला माहीत नव्हतं. तिने माझं मनगट फाडलं, माझ्या जॅकेटवर मुतली. मी सोडलं नाही. पेटीचं दार लागलं तेव्हा ती आत कोपऱ्यात चिकटून बसली होती आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “झालं, झालं गं, संपलं.” ती माझ्या आवाजावर फिस्कारली.

डॉक्टरांनी सडका दात काढला, पू काढला, शस्त्रक्रिया करून पिल्लांची सोयही बंद केली, कातडीखाली चिप बसवली. फॉर्मवर मालकाच्या जागी फ्राउ बॉयर्लेने स्वतःचं नाव लिहिलं. मी मनगटाला पट्टी बांधून घेत होते. लिही बापडे, म्हटलं, मांजर काय फॉर्म वाचते? दहा दिवस तिला घरात ठेवायचं होतं आणि तळमजलाच सोयीचा होता, हेही मला पटलं.

चौथ्या दिवशी मी ट्यूना घेऊन खाली गेले. म्हातारीने आत घेतलं. मांजर कोचावर घोंगडीत होती, गाल उतरलेला. मी दारातूनच हळू आवाजात म्हटलं, “ये गं भवाने.” ती घोंगडीतून निघाली ती थेट कपाटामागे, आणि तिथून आलेला आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. घोंगडी ओली झाली होती. वेळ द्या तिला, असं फ्राउ बॉयर्ले म्हणाली आणि घोंगडी उचलून धुवायला नेली.

मी वेळ दिला. दहा दिवसांनी तिने खिडकी उघडी ठेवली. मांजर बाहेर जायची, परत खिडकीतून आत यायची. मी दुसरं जॅकेट आणलं, क्रेट बारा मीटरवर नेली, पाठ केली, वही उघडली. तीन आठवडे. वहीत अंतराच्या रकान्यात काही लिहायला मिळालं नाही. अंगणात माझं पाऊल वाजलं की ती राशीवरून उडी मारून द्राक्षमळ्याकडे जायची. माझा आवाज तर लांबूनही चालायचा नाही. सात महिने जो आवाज मी तिला ओळखीचा करून दिला होता, त्याच आवाजात मी तिला पकडलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी खरेदी करून येत होते. तळमजल्याच्या खिडकीत, काचेआड, मांजर पसरली होती आणि फ्राउ बॉयर्लेचा हात तिच्या पाठीवर होता. नुसता ठेवलेला. मांजर झोपली होती. मी पिशव्या तिथेच ठेवल्या आणि तिच्या दाराची बेल वाजवली.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“या,” ती म्हणाली, जर्मन ‘या’, म्हणजे हो. जरासुद्धा न चाचरता. “माझ्याकडे आधी एक बोका यायचा, अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. त्याचा पाय मोडला, मीच पकडला. बरा झाला. मग सहा वर्षं तो भिंतीवरून माझ्याकडे बघायचा, पण मी असेपर्यंत बशीला तोंड लावलं नाही. जो पकडतो त्याला मांजरं माफ करत नाहीत.”

“म्हणून मला सांगितलंत.”

“दुसऱ्या कुणाला ती सापडलीच नसती. आणि पकडली नसती तर मेली असती. आणि हो, म्हणूनही.”

“आणि ती माफी? तीही मला पटवायलाच?”

तिने विचार केला. खरंच केला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“नाही. तुमच्या आईचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हातारी बाई होती, दिवे लावले होते, मी बेल वाजवायला हवी होती. ते खरं आहे. पण मांजर माझी आहे, फ्राउ योगलेकार.”

मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, अगदी असंच, आणि बोललेही असते हेच. त्यामुळे मला जास्तच राग आला. तिला झोंबेल असं सगळं माझ्याकडे तयार होतं, जर्मनमध्ये, क्रियापदं शेवटी ठेवून. मी तोंड उघडलं. तिच्या मागे खिडकीत मांजर जागी झाली होती. तिचा दीड कान मागे पडला होता आणि अंग खिडकीच्या कडेला सरकलं होतं. मी आवाज चढवला असता तर ती त्या घरातूनही पळाली असती, कदाचित कायमची, आणि फ्राउ बॉयर्लेला ते माझ्याआधी समजलं होतं. दाराची कड धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. वर्षभर मला जे हवं होतं ते एका ओरडण्याच्या अंतरावर होतं.

मी तोंड मिटलं. पिशव्या उचलल्या आणि पाय न वाजवता वर आले.

हृषिकेश घरून काम करत होता. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मांजर गेली. येईल गं परत, तो म्हणाला, मांजरांचं काय. नाही येणार, मी म्हटलं. मग आई कशी पत्त्यांत लबाडी करायची ते मी त्याला सांगायला लागले, आणि पहिल्याच वाक्याला मला रडू फुटलं, नऊ महिन्यांनी, पिशव्या हातात असताना. त्याने माझा हात धरला. मी रडत रडत पुढचं सांगत राहिले.